लीजियांग: एक झरा, तीन कुंडं

आज चीनच्या युन्नानमध्ये जाऊ. लीजियांग हे साधारण 2400 मीटर उंचीवरचं नाशी लोकांचं जुनं गाव. तिबेटकडे चहा नेणारे खेचरांचे तांडे इथूनच जायचे. 1942 मध्ये जपान्यांनी बर्मा रोड तोडला, तेव्हा तर आपल्या कालिम्पोंगहून ल्हासामार्गे माल इथे यायला लागला!

मी बॅकपॅक घेऊन इथे दोन रात्री राहिलो. सगळ्यात भारी काय वाटलं, तर एका झऱ्यावरची तीन कुंडं. पहिल्यातलं पाणी प्यायला, दुसऱ्यात भाजी धुवायची, तिसऱ्यात कपडे. क्रम चुकवायचा नाही. तिसऱ्यापाशी एक आजी कपडे धूत होत्या. बाकी आम्ही सगळे फोटो काढणारे.

3 फेब्रुवारी 1996 ला इथे मोठा भूकंप झाला. 300 हून जास्त माणसं गेली. जुन्या घरांचे लाकडी सांगाडे मात्र बरेच तगले. डागडुजी झाली, 1997 ला युनेस्कोच्या यादीत नाव लागलं, आणि पर्यटकांची रीघ लागली. मग अनेक नाशी कुटुंबांनी घरं भाड्याने दिली आणि ती नव्या शहरात राहायला गेली. त्यांना नावं कशी ठेवणार? भाडं चांगलं मिळतं. माझं हॉस्टेलही असंच एक नाशी घर होतं. चालवणारा मात्र बाहेरगावचा.