स्पेक्ट्रम घ्यावा की बीबीसी मायक्रो? जुना संगणक निवडताना इतिहासाचे भान

🧵 १/ १९८०च्या दशकातील एखादा घरगुती संगणक संग्रहासाठी घ्यायचा म्हटले की ब्रिटनमधील दोन यंत्रे हमखास समोर येतात : सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम आणि एकॉर्नचा बीबीसी मायक्रो. दोन्ही कंपन्या केंब्रिजच्या, दोन्ही यंत्रे काही महिन्यांच्या अंतराने आलेली. इतिहासाच्या अभ्यासकासाठी मात्र ही दोन भिन्न साधने आहेत. त्यांतून निवड कशी करावी, यावर हा थ्रेड.

२/ आधी पार्श्वभूमी. क्रिस करी हे क्लाइव्ह सिंक्लेअर यांचे जुने सहकारी. १९७८मध्ये त्यांनी हर्मन हाउझर यांच्यासह वेगळी वाट धरली आणि त्यातून एकॉर्न उभी राहिली. पुढे बीबीसीला संगणक-साक्षरतेच्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी अधिकृत संगणक हवा होता. ते काम दोघांनाही हवे होते, मिळाले एकॉर्नला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी त्याचा नमुना आठवड्याच्या आत उभा केला होता.

३/ डिसेंबर १९८१मध्ये बीबीसी मायक्रो बाजारात आला. पुढच्याच महिन्यात मालिका सुरू झाली. ३२ केबी स्मृतीच्या ‘मॉडेल बी’ची किंमत लवकरच ३९९ पौंडांवर गेली. दणकट कीबोर्ड, मागे आणि तळाशी प्रिंटर, डिस्क, जाळे जोडण्याच्या सोयी. शाळांना खरेदीचा निम्मा खर्च सरकार देत असे. हे यंत्र संस्थांच्या हिशोबाने घडलेले आहे.

४/ २३ एप्रिल १९८२ रोजी स्पेक्ट्रम जाहीर झाला. १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. ही काटकसर त्याच्या प्रत्येक भागात दिसते. कळा रबराच्या. पडदा ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटींत विभागलेला आणि एका चौकटीत दोनच रंग. त्यामुळे संपूर्ण चित्र ७ केबीहून कमी जागेत मावते. पण खेळातील पात्र दुसऱ्या वस्तूजवळ गेले की रंग एकमेकांत मिसळतात. ती सरमिसळ म्हणजे स्वस्ताईने पडद्यावर केलेली सहीच.

५/ म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नव्हे : तुम्हाला या यंत्राला काय विचारायचे आहे? शाळा, शासन आणि सार्वजनिक प्रसारण यांचा इतिहास हवा असेल, तर बीबीसी मायक्रो घ्यावा. मध्यमवर्गीय घर, बैठकीतला टीव्ही आणि मुलांच्या हाती आलेले प्रोग्रॅमिंग समजून घ्यायचे असेल, तर स्पेक्ट्रम.

६/ ही विभागणी काटेकोर मात्र नाही. ‘एलीट’ हा गाजलेला खेळ १९८४मध्ये प्रथम एकॉर्नच्याच यंत्रांवर आला. प्राथमिक शाळांसाठीच्या सरकारी योजनेत स्पेक्ट्रमलाही स्थान होते. आणि आज बहुतेक मोबाइल फोनमध्ये ज्या एआरएम घराण्याचा प्रोसेसर असतो, त्याची आज्ञावली विल्सन यांनी बीबीसी बेसिकमध्ये तपासून पाहिली होती.

७/ आपल्याकडेही या दोन वाटा दिसतात. १९८४मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पातून बीबीसी मायक्रो भारतीय शाळांत पोहोचला. १९८६मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ येथील बाजारात आणला. यांपैकी एखादे यंत्र अडगळीत सापडले, तर शाळेचा शिक्का किंवा दुकानाची चिठ्ठी पुसू नका. तो त्याचा पुरावा आहे.

८/ मॉडेल ठरल्यावर नेमकी प्रत निवडावी लागते. स्पेक्ट्रमच्या मदरबोर्डच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पहिल्या आवृत्तीत मुख्य चिपमधील चूक सुधारण्यासाठी एक छोटी चिप उलटी करून तारांनी जोडलेली आढळते. संग्राहक तिला ‘मेलेले झुरळ’ म्हणतात! यंत्र बाजारात आणण्याची घाई किती होती, हे ते झुरळ कोणत्याही जाहिरातीपेक्षा प्रामाणिकपणे सांगते.

९/ खरा पेच इथे येतो. एक प्रत स्वच्छ, दुरुस्त, आजच्या टीव्हीला जोडता येईल अशी सुधारलेली. दुसरी धुळीने माखलेली, चालेल की नाही याची खात्री नसलेली. पण आतून कोणी हात न लावलेली. बहुतेक जण पहिली उचलतात. माझे मत दुसरीच्या बाजूने आहे. जुने खेळ आज कोणत्याही लॅपटॉपवर इम्युलेटरने चालतात. मूळ टाके, मूळ सुटे भाग आणि जुन्या मालकाने केलेली डागडुजी मात्र फक्त त्या प्रतीतच असते.

१०/ यावर आक्षेप रास्त आहे : बंद पडलेले यंत्र काय सांगणार? कॅसेटवरून खेळ उतरताना काही मिनिटे चालणारा कर्कश आवाज आणि रबरी कळांचा बोटांना होणारा स्पर्श, हाही इतिहासच आहे. म्हणून दुरुस्ती करावी. पण शक्यतो पूर्ववत करता येईल अशी. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात ठेवावा, त्यावर तारीख आणि कारण लिहावे. जुन्या वास्तूचे जतन करताना हेच पथ्य पाळतात.

११/ एका बाबतीत तडजोड नको : वीज. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यातील जुने फिल्टर कपॅसिटर तडकतात आणि धूर सोडतात. ते जाणकाराकडून बदलून घेतल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि त्याच्या प्लगचे मधले टोक ऋण असते. घरातला दुसरा अडॅप्टर लावून पाहण्याचा मोह आवरा.

१२/ यंत्रासोबत कॅसेट मिळाल्या, तर सर्वप्रथम त्यांची डिजिटल प्रत करा. छापील खेळांच्या प्रती इतरत्रही सापडतील. पेनने नाव लिहिलेल्या कॅसेटवरचा, कोण्या शाळकरी मुलाने रचलेला प्रोग्रॅम जगात कदाचित एकच असेल, आणि फितीवरील चुंबकीय नोंद दरवर्षी क्षीण होत जाते.

१३/ थोडक्यात : आधी प्रश्न ठरवा, मग मॉडेल, मग प्रत. विकत घेतलेल्या क्षणापासून तुम्ही त्या साधनाचे राखणदार असता. तुमच्या घरी किंवा शाळेत असे एखादे यंत्र पडून असेल, तर पुसण्याआधी त्याचे छायाचित्र काढा आणि या थ्रेडखाली जरूर टाका.