रोलर-कोन बिट

खडकातून तेल, नैसर्गिक वायू, भूगर्भातील वाफ किंवा पाणी यांसाठी विहीर वेधताना वेधननळ्यांच्या तळाशी बसवायचे, फिरत्या दातेरी शंकूंचे हत्यार. तीन शंकूंचा प्रकार सर्वाधिक रूढ असून रिगवर त्याला ट्रायकोन म्हणतात. नळ्यांबरोबर सगळे बिट फिरते आणि त्याच वेळी प्रत्येक शंकू आपल्या आसाभोवती फिरत विहिरीच्या तळावरून लोळत जातो. दात क्षणभर खडकावर टेकतो, वरच्या वजनाने आत रुततो, तेवढा भाग चिरडून कपची सुटी करतो आणि उचलला जातो. कठीण खडकात तो फारसा घासला जात नाही, म्हणूनच तो टिकतो.

इतिहास : 1901 मध्ये टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा फवारा उडाल्यानंतर चक्री वेधनाचा तेथे झपाट्याने प्रसार झाला, पण त्या काळचे माशाच्या शेपटीसारखे पाते वाळू-चिकणमातीपुरतेच कामाचे होते. कठीण थर लागला की ते बोथट होई आणि प्रसंगी विहीरच सोडून द्यावी लागे. हॉवर्ड ह्यूज (थोरले) यांना दोन शंकूंच्या बिटाची अमेरिकी पेटंटे 10 ऑगस्ट 1909 रोजी मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये गूस क्रीक येथील चाचणीत या बिटाने 11 तासांत 14 फूट खडक कापला. आजच्या हिशेबाने ही गती नगण्य ठरेल, पण आधीच्या पात्यांना तो खडक कापताच आला नव्हता. ही कल्पना आपण ह्यूज यांना 150 डॉलरना विकली, असा दावा ग्रॅनव्हिल ह्यूमसन यांनी पुढे केला; श्रेय आणि पैसा मात्र ह्यूज यांच्याकडेच राहिला. वॉल्टर शार्प यांच्या भागीदारीत निघालेली त्यांची कंपनी नंतर ह्यूज टूल म्हणून प्रसिद्ध झाली. धाकट्या हॉवर्ड ह्यूज यांच्या चित्रपटांना आणि विमानांना याच बिटाच्या कमाईचा आधार होता.

1933 मध्ये ह्यूज कंपनीच्याच अभियंत्यांनी तिसरा शंकू आणला. तीन शंकूंचे दात एकमेकांच्या खाचांतून फिरतात, त्यामुळे अडकलेला चिखल निघून जातो; शिवाय बिट तळावर स्थिर राहते. या रचनेचे पेटंट 1951 मध्ये संपले आणि इतर उत्पादकांना वाट मोकळी झाली. त्याच सुमारास टंगस्टन कार्बाइडच्या गुंड्या बसवलेले शंकू बाजारात आले. गारेसारख्या अतिकठीण खडकात पोलादी दात काही फुटांतच झिजत. या गुंड्यांमुळे ती अडचण बरीचशी सुटली.

रचना : घडीव पोलादाचे तीन पाय एकमेकांना जोडून बिटाचा सांगाडा बनतो. प्रत्येक पायाच्या टोकाला आत वळलेली खुंटी असते आणि तिच्यावर शंकू चढवतात. तो निसटू नये म्हणून पायातील छिद्रातून पोलादी गोळ्या आत सोडतात आणि मग ते छिद्र गुडदीने बंद करतात. शंकूंच्या मधल्या झोतनळ्यांतून वेधनचिखल जोराने तळावर आदळतो आणि खडकाचा चुरा वर वाहून नेतो. झोत अपुरा पडला तर चिकट शेलमध्ये बिटाभोवती मातीचा गोळा जमतो आणि दात असूनही बिट नुसते फिरत राहते.

मऊ खडकासाठी दात लांब व विरळ ठेवतात आणि शंकूंचे आस बिटाच्या मध्यबिंदूपासून थोडे बाजूला सरकवतात. असा शंकू सरळ लोळू शकत नाही. तो घसटत जातो आणि खडक ओरबाडतो. कठीण खडकासाठी गुंड्या आखूड व दाट असतात आणि आस जवळजवळ मध्यातून जातात, म्हणजे काम निव्वळ चिरडण्याचे राहते. त्यासाठी वजन भरपूर लागते : सव्वाबारा इंची बिटावर वीस टनांच्या आसपास भार असणे नेहमीचेच. खडकाचा कठीणपणा, दातांचा प्रकार आणि बेअरिंगची जात तीन आकड्यांत सांगणारी आंतरराष्ट्रीय सांकेतिक पद्धत आहे. तीत पहिला आकडा 1 ते 3 असेल तर दात पोलादी, 4 ते 8 असेल तर गुंड्या.

बेअरिंग : या बिटाची चर्चा दातांवरून होते, पण त्याचे आयुष्य ठरते बेअरिंगवर. एवढा भार पेलणारे बेअरिंग शंकूच्या पोटातच मावले पाहिजे. ते मोठे करावे तर शंकूची भिंत पातळ होते आणि दातांना जागा उरत नाही. लहान व्यासाच्या बिटांत ही ओढाताण फारच तीव्र होते, म्हणून ती सहसा लवकर निकामी होतात. सुरुवातीची बेअरिंगे उघडी होती. वाळूमिश्रित चिखल त्यांत शिरून ती खाऊन टाकी. पुढे पायात ग्रीसची टाकी आणि खुंटीभोवती रबरी कडे आले. टाकीतील लवचीक पडद्यामुळे ग्रीसचा दाब बाहेरच्या चिखलाच्या दाबाबरोबर राहतो. दिसायला क्षुल्लक असलेल्या या कड्याच्या पेटंटावरून ह्यूजने स्मिथ इंटरनॅशनल या प्रतिस्पर्धी कंपनीला कोर्टात खेचले. 1986 मध्ये वीस कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा निकाल लागला आणि स्मिथला दिवाळखोरी कायद्याचा आसरा घ्यावा लागला.

बेअरिंग गेले की शंकू अडतो आणि फिरवायला लागणारा जोर एकाएकी चढ-उतार करू लागतो. ड्रिलरने ही खूण ओळखून बिट वेळेत बाहेर काढायचे असते. उशीर झाला तर शंकू तुटून तळाशी पडतो आणि त्याला चुंबकाने उचलणे किंवा दळून काढणे एवढेच उपाय उरतात. रिगवर या खटाटोपाला फिशिंग म्हणतात. उलट फार लवकर काढले तर हजारो फूट नळ्या उगाच वर-खाली कराव्या लागतात.

आजचे स्थान : 1970 च्या दशकात कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या लावलेली, एकही हलता भाग नसलेली बिटे आली आणि तेलविहिरींतील बहुतांश लांबी आज तीच कापतात. गारगोट्यांचे थर, भूऔष्णिक विहिरींतील कठीण खडक आणि मऊ-कठीण थरांची सरमिसळ यांत शंकूंना अजून मागणी आहे. दोन्ही रचना एकत्र करणारी संकरित बिटेही निघाली आहेत. उघड्या खाणींत सुरुंगाची मोठी भोके पाडणाऱ्या अवजड यंत्रांवर ट्रायकोन सर्रास दिसते. तेथे चिखलाऐवजी दाबाची हवा चुरा उडवते आणि बेअरिंगही थंड ठेवते.

दख्खनच्या काळ्या पाषाणात साडेसहा इंची बोअर घेणाऱ्या गाड्यांवर मात्र हवेच्या दाबाने चालणारा हातोडा असतो. उथळ भोकात शंकूवर टाकायला नळ्यांचे वजनच नसते आणि ट्रकवरची रिग तेवढा भार देऊ शकत नाही. हातोडा वजनाऐवजी ठोक्यांवर काम भागवतो.