ज्यांच्या नावापुढे आकडा नसतो

१९३१ सालची गोष्ट. वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावात मेल हाइन नावाच्या तरुणाने प्रॉव्हिडन्सच्या फुटबॉल संघाचा करार सही करून टपालात टाकला आणि नंतर त्याला कळलं, की न्यूयॉर्क जायंट्स त्याला सामन्यामागे १५० डॉलर द्यायला तयार आहेत. प्रॉव्हिडन्सची रक्कम त्याहून कमी होती. हाइनने थेट प्रॉव्हिडन्सच्या पोस्टमास्तरांना तार केली : माझं पत्र संघाला देऊ नका, परत पाठवा. पोस्टमास्तर भले निघाले, पाकीट परत आलं आणि हाइन न्यूयॉर्कला गेला. तिथे तो पंधरा हंगाम खेळला.

सात वर्षांनी, १९३८च्या हंगामात, नॅशनल फुटबॉल लीगने पहिल्यांदाच वर्षातला सर्वांत मोलाचा खेळाडू (एमव्हीपी) निवडला. तो मान हाइनला मिळाला. हाइन सेंटर होता. सेंटर म्हणजे रांगेच्या मधोमध वाकून, दोन पायांमधून चेंडू मागे फेकणारा गडी. चेंडू हातातून सुटला, की पुढच्याच क्षणी समोरचा धिप्पाड माणूस त्याच्या अंगावर येतो आणि मग सगळं बळ लावून त्याला थोपवायचं, एवढंच काम. टचडाउन त्याच्या नावावर लागत नाही. तो यार्ड कमावत नाही, पास झेलत नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या आकड्यांच्या चौकटीत त्याचं नाव शोधून सापडत नाही. क्रिकेटच्या धावफलकात अकराच्या अकरा नावं असतात, शून्यावर बाद झालेल्याचंही असतं. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर मात्र प्रत्येक डावपेचात पाच माणसं, म्हणजे आक्रमक फळी, अशी असतात, की त्यांनी काय केलं हे कुठेही मांडलं जात नाही.

हाइननंतर आक्रमक फळीतल्या एकाही गड्याला हा मान मिळालेला नाही.

सर्वोत्तमांची यादी करण्याची हौस व्यावसायिक फुटबॉलपेक्षा जुनी आहे. येल विद्यापीठाचे वॉल्टर कॅम्प, ज्यांनी या खेळाचे अर्धेअधिक नियम घडवले, त्यांच्या नावाशी जोडलेला पहिला ‘ऑल-अमेरिका’ संघ १८८९मध्ये छापून आला. तो महाविद्यालयीन खेळाडूंचा होता. पुढची तीसेक वर्षं शरद ऋतू सरला, की देशभर त्या यादीची वाट पाहिली जायची. पैसे घेऊन खेळणाऱ्यांना तेव्हा फारशी इज्जत नव्हती. १९२०च्या सप्टेंबरात ओहायोतल्या कॅंटन गावी, राल्फ हे यांच्या मोटारींच्या दालनात संघमालक जमले आणि व्यावसायिक संघटना उभी राहिली. तीच १९२२मध्ये एनएफएल झाली. यादी मात्र पहिल्याच हंगामात आली. रॉक आयलंडच्या ‘आर्गस’ या वर्तमानपत्राचे ब्रूस कोपलंड यांनी १९२०चा सर्वोत्तम अकरा जणांचा संघ छापला.

एकट्या माणसाची यादी म्हणजे त्याच्या दोन डोळ्यांना दिसलं तेवढंच. त्या काळी सामन्यांचं चित्रीकरण बातमीदारांच्या हाती लागत नव्हतं. जो संघ गावात आला तो पाहिला, बाकीचे तारेने आलेल्या चार ओळींत वाचले. ग्रीन बेच्या ‘प्रेस-गॅझेट’ने १९२३पासून यावर एक साधा तोडगा काढला. या वर्तमानपत्रातले जॉर्ज कॅल्हून पॅकर्स संघाच्या संस्थापकांपैकी होते. तोडगा असा : लीगमधल्या निरनिराळ्या शहरांतल्या क्रीडा-बातमीदारांकडून मतं मागवायची, बेरीज करायची आणि संघ जाहीर करायचा. आजही मूळ पद्धत हीच आहे, कागदाच्या जागी संगणक आला एवढंच.

त्या सुरुवातीच्या याद्यांमध्ये एक नाव पुन्हा पुन्हा येतं : ड्यूक स्लेटर. हा टॅकल, म्हणजे रांगेच्या टोकाशी उभा राहणारा. आयोवा विद्यापीठात असताना तो हेल्मेट न घालता खेळायचा. १९२२ ते १९३१ अशी दहा वर्षं तो लीगमध्ये होता आणि काही काळ तर संपूर्ण लीगमध्ये एकटाच कृष्णवर्णीय खेळाडू होता. कायद्याचं शिक्षण त्याने खेळता खेळता पूर्ण केलं आणि पुढे शिकागोत तो न्यायाधीश झाला. ज्या गड्याच्या नावापुढे एकही आकडा नव्हता आणि ज्याच्या रंगामुळे काही मैदानांवर त्याला उतरूही दिलं जात नव्हतं, त्याला बातमीदारांनी उत्तम ठरवलं, कारण तो खरोखर तसा खेळताना दिसत होता. १९३४ ते १९४५ या बारा वर्षांत लीगने कृष्णवर्णीयांना दारच बंद केलं. या काळातल्या सगळ्या याद्या वाचताना हे विसरून चालत नाही : त्या देशातल्या उत्तम खेळाडूंच्या याद्या नाहीत, आत येऊ दिलेल्यांच्या याद्या आहेत. स्लेटरला व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती २०२०मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहूनही अधिक काळाने.

लीगने अधिकृत आकडेवारी ठेवायला सुरुवात केली १९३२मध्ये. हा बदल वरवर हिशेबाचा वाटतो, पण त्याने पाहणाऱ्याची नजर बदलली. हाइनने एमव्हीपीचा मान मिळवला तेव्हा बातमीदार अजून मैदान पाहून मत देत होते. १९३३ ते १९४० अशी सलग आठ वर्षं तो सर्वोत्तम संघात होता. तो चेंडू फेकायचा, समोरच्याला थोपवायचा आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला, की तोच लाइनबॅकर म्हणून मागे उभा राहायचा. पूर्ण साठ मिनिटं मैदानावर. १९३८नंतर तीनच वर्षांनी, १९४१ आणि १९४२मध्ये, हा मान ग्रीन बेच्या डॉन हटसनकडे गेला. १९४२मध्ये त्याने ११ सामन्यांत ७४ पास झेलले, १,२११ यार्ड मिळवले आणि झेललेल्या पासांवर १७ टचडाउन केले. एका हंगामात हजार यार्डांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला झेलणारा. हे आकडे आजही पाहिले तर थक्क व्हायला होतं. हटसन त्या मानाला पुरेपूर पात्र होता. पण त्याच्या आकड्यांशेजारी सेंटरने काय ठेवायचं?

लीगचा हा अधिकृत मान अध्यक्ष जो कार यांच्या नावाने दिला जायचा. तो १९४६नंतर बंद पडला. जागा रिकामी झाली आणि वृत्तसंस्थांनी ती भरली. असोसिएटेड प्रेस १९४०पासून स्वतःचा ‘ऑल-प्रो’ संघ निवडत होतीच, नंतर तिने एमव्हीपीही निवडायला सुरुवात केली. न्यूजपेपर एंटरप्राइज असोसिएशनने १९५५पासून जिम थॉर्प करंडक ठेवला आणि त्यासाठी मत दिलं ते खुद्द खेळाडूंनी. ज्याला समोरच्याच्या खांद्याचा धक्का बसला आहे, त्याचं मत विचारायचं ही कल्पना या सबंध इतिहासातली सर्वांत शहाणी म्हणावी लागेल.

इतके पंच जमले, की निकाल वेगवेगळे लागणारच. १९८७च्या हंगामात असोसिएटेड प्रेसचा एमव्हीपी ठरला डेन्व्हरचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास देणारा गडी, जॉन एलवे. त्याच संस्थेच्या ऑल-प्रो संघात क्वार्टरबॅक म्हणून आला जो मोंटाना. आणि जिम थॉर्प करंडक गेला मोंटानाचे पास झेलणाऱ्या जेरी राइसकडे. संपामुळे कापल्या गेलेल्या त्या हंगामात राइसने १२ सामन्यांत २२ टचडाउन झेल घेतले होते. यातली कुठलीही निवड मूर्खपणाची नव्हती. ‘मोलाचा’ आणि ‘उत्तम’ हे दोन शब्द एक नाहीत, हे मत देणारे पक्कं जाणून होते.

आकड्यांचीही स्वतःची कहाणी आहे. कोण चांगला पास देतो, हे ठरवायचा निकष लीगने अनेकदा बदलला. शेवटी १९७३मध्ये हॉल ऑफ फेमच्या डॉन स्मिथ यांनी बसवलेलं सूत्र स्वीकारलं गेलं. किती टक्के पास पोहोचले, प्रत्येक पासामागे किती यार्ड मिळाले, टचडाउन किती, समोरच्याने पळवलेले पास किती, या चार गोष्टींची बेरीज. त्याचं कमाल मूल्य १५८.३ असं विचित्र निघतं, तरी सूत्र टिकलं. क्वार्टरबॅकला एका नजरेत मोजता येऊ लागलं. त्याला आडवं करणाऱ्याला मात्र अजून थांबायचं होतं. लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्सने साठच्या दशकात क्वार्टरबॅकला चेंडूसकट लोळवण्याला ‘सॅक’ हे नाव रूढ केलं. पण खेळाडूच्या नावावर सॅक अधिकृतपणे मांडले जाऊ लागले १९८२पासून. तोवर जोन्स निवृत्त होऊन हॉल ऑफ फेममध्येही पोहोचला होता. अधिकृत दप्तरात त्याच्या नावावर एकही सॅक नाही. पुढे काही अभ्यासकांनी जुन्या सामन्यांचे तपशील आणि फिती वर्षानुवर्षं चाळून १९६०पासूनचे सॅक मोजले, तेव्हा जोन्सचे १७३.५ भरले. ज्यांनी हे काम केलं त्यांचे उपकार मोठे आहेत, कारण त्यांनी एका माणसाचा हिशेब परत केला.

आणि मग पॉल झिमरमन. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या नियतकालिकात ते लिहीत आणि तिथे त्यांना सगळे डॉक्टर झी म्हणत. स्टॅनफर्ड आणि कोलंबियात शिकताना ते स्वतः फळीत खेळले होते. हंगामाच्या शेवटी त्यांचा सर्वोत्तम संघ प्रसिद्ध व्हायचा तेव्हा लोक आधी फळीतल्या पाच नावांकडे पाहायचे, कारण ती नावं दुसरीकडे मिळणार नाहीत याची खात्री असायची. झिमरमन चेंडूमागे धावत नसत. एकेका सामन्याची फीत पुन्हा पुन्हा मागे घेऊन ते एकेका गड्याला पाहत आणि वहीत हाताने नोंदी ठेवत. सेंटरशेजारच्या गार्डने पाय कसा टाकला, टॅकल कुठल्या खांद्यावर फसला, हे त्यांच्या नोंदींत असायचं. सामन्याआधीचं राष्ट्रगीत किती सेकंदांचं झालं, तेही ते घड्याळ लावून टिपायचे. मोजण्याची इतकी आवड असलेल्या माणसाने आयुष्यभर न मोजल्या जाणाऱ्यांची बाजू घेतली. निवडलेल्यांसोबत वगळलेल्यांबद्दलही ते लिहीत आणि का वगळलं ते सांगत. २००८च्या नोव्हेंबरात त्यांना पक्षाघात झाला, वाचा गेली, लिहिणंही थांबलं. २०१८मध्ये ते वारले. ती यादी त्यांच्या लेखणीसोबतच संपली होती.

त्यांची रीत मात्र दुसऱ्या कुणीतरी उचलली, आणि तीही चक्क इंग्लंडमध्ये बसून. नील हॉर्न्सबी या इंग्रज माणसाने ‘प्रो फुटबॉल फोकस’ हे संकेतस्थळ सुरू केलं. प्रत्येक डावपेचात प्रत्येक गड्याला उणे दोन ते अधिक दोन असे गुण द्यायचे, बावीसच्या बावीस जणांना. त्यावर टीकाही खूप झाली. प्रशिक्षकांनी खेळाडूला नेमकं काय सांगितलं होतं, हे बाहेरच्याला कसं कळणार, असा आक्षेप येतो आणि तो खरा आहे. तरीही सेंटरला पहिल्यांदाच दर आठवड्याला काहीतरी गुण मिळू लागले. २०१२पासून सगळे बावीस जण एकाच चौकटीत दिसतील असं चित्रण लीगने प्रेक्षकांनाही खुलं केलं. २०१६मध्ये असोसिएटेड प्रेसने मतपत्रिकाच बदलली आणि डावा टॅकल, उजवा टॅकल अशी वेगळी जागा दिली. त्याआधी दोन टॅकल असे एकत्रच निवडले जात आणि डावीकडचे दोघेच निवडून येण्याची शक्यता राहायची.

क्लीव्हलंडच्या जो थॉमसचं उदाहरण याच काळातलं. २००७ ते २०१७ या काळात त्याने १०,३६३ स्नॅप, म्हणजे सेंटरच्या हातून चेंडू सुटून सुरू होणारे डाव, एकही न चुकवता खेळले. इतका वेळ मागे उभे राहणारे क्वार्टरबॅक बदलत राहिले, संघ हरत राहिला, बाद फेरीत एकदाही पोहोचला नाही. तरी थॉमस पहिल्या दहाही हंगामांत प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. स्नॅप मोजणारा कुणी नसता तर ही संख्या कुणाला ठाऊक झाली असती?

एमव्हीपीची कहाणी मात्र उलट्या दिशेने गेली. १९७१मध्ये बचावातला अ‍ॅलन पेज आणि १९८६मध्ये लॉरेन्स टेलर हे मानकरी होते. १९८२च्या संपाने मोडलेल्या हंगामात तर २१पैकी २० फील्ड गोल साधणारा किकर मार्क मोझ्ली एमव्हीपी ठरला. २०१२मध्ये धावणारा एड्रियन पीटरसन आला. त्यानंतर २०१३ ते २०२४ सलग बारा हंगाम फक्त क्वार्टरबॅक.

२०२२पासून असोसिएटेड प्रेसचे पन्नास मतदार एका नावाऐवजी पाच नावं क्रमाने लिहितात : पहिल्याला १० गुण, मग ५, ३, २, १. २०२४च्या हंगामात या पद्धतीने बफेलोचा जॉश अ‍ॅलन ३८३ गुणांनी एमव्हीपी झाला, बाल्टिमोरचा लमार जॅक्सन ३६२ गुणांवर थांबला. त्याच पन्नास जणांनी ऑल-प्रो संघात क्वार्टरबॅक म्हणून जॅक्सनला निवडलं. जॅक्सनने ४१ टचडाउन पास दिले होते, फक्त ४ पळवले गेले, शिवाय ९१५ यार्ड तो स्वतः धावला. १९८७चाच प्रसंग पुन्हा घडला.

अ‍ॅलनच्या आकड्यांत एक लहानसा आकडा होता : अख्ख्या हंगामात तो फक्त १४ वेळा सॅक झाला. तो आकडा अ‍ॅलनच्या नावापुढे छापला जातो, पण तो कमावला होता त्याच्या पुढे उभ्या असलेल्या पाच जणांनी. त्यांतला डावा टॅकल डीऑन डॉकिन्स. लीगने फळीतल्या गड्यांसाठी वेगळा मान ठेवावा, असा आग्रह त्याने आयुक्तांकडे धरला. २०२५मध्ये लीगने ‘प्रोटेक्टर ऑफ द इयर’ हा पुरस्कार जाहीर केला आणि निवडीचं काम एकेकाळी स्वतः फळीत खेळलेल्या माणसांकडे सोपवलं. मेल हाइनला मान मिळून तेव्हा ८७ वर्षं झाली होती.