बहिणीसह आत्मचित्र
रशियन चित्रकार व्हिक्टर बोरीसोव्ह-मुसातोव्ह (१४ एप्रिल १८७०–८ नोव्हेंबर १९०५) याने १८९८ मध्ये रंगविलेले चित्र. सेंट पीटर्झबर्ग येथील रशियन म्यूझीयममध्ये ते आहे. व्होल्गाकाठच्या साराटॉव्ह या जन्मगावी, राहत्या घराच्या बागेत त्याने ते रंगविले.

मुसातोव्हचा आजा भूदास होता व वडील रेल्वेत नोकरीस होते. आज्याच्या ‘बोरीस’ या नावावरून त्याने ‘बोरीसोव्ह’ हे उपपद पुढे आपल्या आडनावास जोडले. वयाच्या तिसऱ्या वर्षी बाकावरून पडल्याने त्याच्या कण्यास इजा झाली. पाठीस कुबड आले व शरीराची वाढ खुंटली. मॉस्को व सेंट पीटर्झबर्ग येथील शिक्षणानंतर १८९५ पासून तो पॅरिसमध्ये कॉर्मोंच्या कलाशाळेत शिकला. प्रस्तुत चित्र तेथून परतल्यावरचे आहे.

चित्राच्या मध्यभागी त्याची धाकटी बहीण येलेना जुन्या घाटाचा पांढरा पोशाख घालून बसली आहे. शेजारच्या लहान मेजावर फुले आहेत. चित्रकार स्वतः मात्र उजव्या कडेला असून चौकटीने त्याची आकृती अंशतः छेदली आहे. ही मांडणी तत्कालीन फ्रेंच चित्रकलेत रूढ होतीच. परंतु येथे तिचे प्रयोजन केवळ रचनेपुरते नाही. व्यंग असलेले शरीर चौकटीबाहेर राहते आणि पाहणाऱ्याची दृष्टी बहिणीवर स्थिरावते. दोघे एकमेकांकडे पाहत नाहीत. तरीही त्यांच्यातील दुराव्यापेक्षा एकत्र राहण्याची सवयच अधिक जाणवते. वस्तुतः हे बहिणीचेच व्यक्तिचित्र असून चित्रकार त्यात साक्षीदार म्हणून आला आहे. काही समीक्षक यात निव्वळ खिन्नता पाहतात, पण पानांतून झिरपणारा प्रकाश व पांढऱ्या वस्त्रावरील रंगछटा त्या मतास पुष्टी देत नाहीत.

त्याच्या पुढील चित्रसृष्टीची बीजे येथेच आढळतात. जुन्या काळचा पोशाख हा कोणत्याही विशिष्ट ऐतिहासिक काळाचा निदर्शक नाही. वर्तमान किंचित दूर सारण्याचे ते साधन होय. दृक्‌प्रत्ययवादी प्रकाशाऐवजी चिक्कणरंगांची (टेंपेरा) निस्तेज, भित्तिचित्रासारखी पोत पुढे त्याने पसंत केली. चित्रजवनिका (१९०१) व जलाशय (१९०२) या चित्रांसाठी येलेनाच प्रतिमान होती. जलाशयमध्ये तिच्यासोबत त्याची वाग्दत्त वधू दिसते. या चित्रांत चित्रकार कडेलाही उरलेला नाही. त्यांची पार्श्वभूमी असलेला झुब्रीलोव्हका येथील वाडा १९०५ च्या शेतकरी उठावात जळाला व त्याच सुमारास तारूसा येथे मुसातोव्हचे निधन झाले. ओका नदीच्या काठावरील त्याच्या समाधीवर आलेक्सांद्र मातव्हेयेव्ह याने घडविलेले निद्रिस्त बालकाचे शिल्प आहे. साराटॉव्हमधील त्याचे घर संग्रहालय म्हणून जतन करण्यात आले आहे.