जुन्या पिंपातले नवे विरजण

दह्याचे विरजण फार दिवसांचे असले तर दूध नीट लागत नाही, हे आपल्या घरोघरच्या गृहिणींना कोणी शिकवावे लागले नाही. मद्य करणाऱ्यांना मात्र हीच गोष्ट उमगण्यास बराच काळ लागला.

आज नवी मुंबईला लागून असलेले उरण घ्या. एकोणिसाव्या शतकात हे गाव मोहाच्या दारूबद्दल प्रसिद्ध होते; तेथल्या पारशी मालकांच्या भट्ट्यांतून माल मुंबईस जाई. त्याच किनाऱ्यावर भंडारी माडावर चढून माडी काढीत. मडक्याला आतून चुना लावला, तर रस नीरा राहतो. कालच्या मडक्याचा तळ तसाच ठेवला, तर तो काही तासांत फसफसू लागतो. त्या तळातले किण्व, म्हणजे यीस्ट, रोज ताज्या रसावर पोसले जाई. म्हणून ते म्हातारे होतच नसे. पुढे 1878 चा अबकारी कायदा आला, झाडांवरचा कर वाढला, 1892 मध्ये मोहफुलांवरही निर्बंध आले. घरची विद्या मक्तेदाराच्या हाती गेली.

त्याच शतकात मुंबईच्या धक्क्यावर विलायती बिअरची पिंपे उतरत. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला होईपर्यंत ती आफ्रिकेला वळसा घालून, महिनेच्या महिने समुद्रावर मुरत येत. एवढ्या काळात नेहमीचे किण्व थकून तळाशी बसते. तरी जुन्या इंग्रजी बिअरला फेस येई. याचे कोडे 1904 मध्ये कोपनहेगनच्या क्लाउसेन यांनी उलगडले. पिंपाच्या लाकडात दडलेले दुसरेच एक चिवट किण्व उरलेली साखर सावकाश खात असे. त्यांनी त्याला ‘ब्रेटॅनोमायसिस’ असे नाव दिले.

परंतु असा पाहुणा भरवशाचा नव्हे; चवही तो आपलीच लावतो. म्हणून बेल्जियमचे कारागीर मुरलेली बिअर बाटलीत भरताना थोडी साखर आणि थोडे ताजे किण्व घालतात. इंग्लंडात 1963 पासून घरी बिअर करण्यास परवाना लागत नाही. तेथले हौशी लोकही सहा-आठ महिने मुरवलेल्या बिअरला हाच उपाय करतात: 20 लिटरला दोनेक ग्रॅम सुके किण्व पुरते. साखर तेवढीच घातली आणि जुने किण्व मेलेले असले, तर बिअर गोडसर आणि निर्जीव राहते. उलट, मुरणे पुरे होण्याआधीच घाई केली, तर नवे किण्व शिल्लक साखरेवर तुटून पडते आणि बाटली फुटते.

आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून असा उद्योग करता येत नाही. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत बिअरचा कारखाना आहे. परंतु कारखान्यांतली बिअर बहुधा गाळून, किण्व काढून, वरून वायू भरलेली असते. तिला विरजण लागत नाही, आणि ती बाटलीत वाढतही नाही.

मुरण्याने चव येते, चैतन्य येत नाही. ते ताज्या चिमटीतून यावे लागते. उरणच्या मडक्याचा तळ हे रोज जाणत होता. आपण तो धुऊन टाकला, आणि आता तेच शहाणपण दूरदेशाहून पुडीत मागवावे लागते.