सुगरणीचं घरटं आणि एक बेकार संशोधक

५ ते १२ नोव्हेंबर. आपल्या राज्यात २०२० पासून हा 'पक्षी सप्ताह'. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसाची, १२ तारीख सालिम अलींच्या. या आठवड्यात शुभेच्छांचे फोटो तर येतातच, पण त्याबरोबर इनबॉक्समध्ये एक प्रश्नही हमखास येतो: "सर, मी बीएस्सी झूलॉजीला आहे. पक्ष्यांवर काम करायचंय. इंटर्नशिप कुठे मिळेल?"

उत्तर देतो. पण त्याआधी थोडा इतिहास सांगतो, कारण हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे आणि पहिल्यांदा तो पडला होता खुद्द सालिम अलींनाच.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, म्हणजे आपली बीएनएचएस, १५ सप्टेंबर १८८३ रोजी स्थापन झाली. संस्थापक आठ, त्यातले दोन भारतीय आणि दोघेही मराठी डॉक्टर: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाचे संस्थापक, दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील. शाळेच्या पुस्तकात ही नावं येतात ती समाजसुधारणेच्या धड्यात. पक्षी-प्राण्यांच्या धड्यात कुणी सांगत नाही.

या संस्थेच्या दारात १९०८ च्या सुमारास एक मुलगा मेलेली चिमणी घेऊन गेला. एअरगननं मारलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली. संस्थेचे मानद सचिव मिलर्ड यांनी त्याला हाकललं नाही. चिमणी ओळखून दिली, पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. आजच्या भाषेत बोलायचं तर ही सालिम अलींची पहिली इंटर्नशिप. अर्ज नाही, फी नाही, शिफारसपत्रही नाही. (मामांनी ओळख करून दिली होती हे मात्र खरं. ओळख तेव्हाही लागायची.)

पुढचा भाग कमी सांगितला जातो. सालिम अलींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यापायी सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड-लेक्चररची नोकरी मिळाली, पगार महिना साडेतीनशे रुपये. दोनएक वर्षांनी रजा काढून ते बर्लिनला प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परत आले तर पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली. जगातल्या नावाजलेल्या पक्षिशास्त्रज्ञाकडे शिकून आलेला माणूस, वय तेहतीस-चौतीस, आणि बेकार!

मग नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. मुंबईपेक्षा तिथे खर्च कमी. पावसाळ्यात तिथे सुगरणींची वसाहत भरली आणि हा बेकार गृहस्थ रोज तासन्‌तास घरट्यांसमोर बसून नोंदी करू लागला. कोणता नर कुठलं घरटं विणतो, कोणती मादी कुठल्या घरट्यात शिरते, कधी. मराठीत आपण त्या पक्ष्याला 'सुगरण' म्हणतो, पण विणकाम करतो तो नर! अर्धं घरटं विणून तो थांबतो. मादी येऊन तपासून जाते. तिला पसंत पडलं तरच पुढची नळी पुरी होते. आणि ती अंडी उबवायला बसली की हे महाशय दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतात. एकामागून एक संसार. हे कुणी नीट नोंदवलेलं नव्हतं. १९३१ मध्ये बीएनएचएसच्या जर्नलमध्ये तो निबंध छापून आला आणि सालिम अलींचं नाव झालं.

गोष्ट छान आहे, भाषणात टाळ्या पडतात. पण ती सांगताना एक गोष्ट आपण गाळतो. हा माणूस बिनपगारी बसू शकला कारण त्याच्या मागे खातंपितं घर होतं. पुढे हैदराबादसारख्या संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली तीही याच बोलीवर: मानधन नको, फक्त फिरण्याचा खर्च द्या. शाबास त्यांची. पण शिरपूरच्या किंवा माणगावच्या शेतकऱ्याच्या मुलीला हे कसं परवडायचं?

स्वातंत्र्यानंतर थोडं बदललं. मुंबई विद्यापीठानं बीएनएचएसला संशोधन केंद्र म्हणून मान्यता दिली. वि. चिं. आंबेडकर हे सालिम अलींच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. त्यांचा विषयही सुगरणच, आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६४ मध्ये विद्यापीठानंच छापलं. पैसे आले ते मात्र भलत्याच दिशेनं. १९५७ मध्ये शिमोग्याकडे माकडतापाची साथ आली. गोचिडांतून येणारा हा रोग स्थलांतरित पक्षी तर आणत नाहीत ना, अशी शंका निघाली. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आणि पुढे अमेरिकी लष्कराच्या प्रकल्पाचा निधी मिळाला, पक्ष्यांच्या पायात कड्या घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं आणि कितीतरी तरुणांना जाळी लावून पक्षी हातात धरायला मिळाले. लष्कराच्या पैशांवरून पुढे गदारोळ झाला, तो रास्तच होता. पण एक पिढी त्यातून शिकली हेही तितकंच खरं.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. राजस्थानात भरतपूरचं केवलादेव १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि म्हशींच्या चराईवर बंदी आली. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं मेली. चराई बंद व्हावी असं सालिम अलींसह अनेक जाणत्यांचं मत होतं. बीएनएचएसचे संशोधक तिथे सुमारे दहा वर्षं मोजमाप करत बसले होते. निष्कर्ष काय निघाला? म्हशी गेल्यावर गवत बेसुमार माजलं, पाणथळ भरून गेली आणि पाणपक्ष्यांचंच नुकसान झालं. गुरूच्या मताविरुद्ध त्याच्याच संस्थेच्या पोरांच्या वह्या बोलल्या. मेलेली माणसं त्यानं परत आली नाहीत, पण खरं काय ते लिहिलं गेलं.

त्याच केवलादेवमध्ये विभु प्रकाश शिकारी पक्ष्यांवर काम करत होते. १९८७-८८ मध्ये त्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली. तेव्हा गिधाडं कोण मोजतो? ढिगानं होती! दहाएक वर्षांत निम्म्याहून जास्त घरटी गेली आणि २००३ पर्यंत एकही उरलं नाही. जनावरांना देतात ते डायक्लोफेनॅक औषध गिधाडांचा जीव घेतंय हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पण 'आधी किती होती' हा आकडाच नसता तर 'कमी झाली' हे कुणी मानलं असतं का?

आपल्याकडचं उलटं उदाहरण रानपिंगळ्याचं. १८८४ मध्ये खानदेशात जेम्स डेव्हिडसननं एक मिळवला, त्यानंतर ११३ वर्षं सगळा शुकशुकाट. मधे माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १९१४ चा म्हणून गुजरातचा एक नमुना दाखवला होता. तो चोरीचा निघाला, त्यामुळे लोक भलतीकडेच शोधत राहिले. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि दोन साथीदार अमेरिकेहून आले आणि शहाद्याजवळ त्यांना तो दिवसाढवळ्या बसलेला दिसला. या ११३ वर्षांत खानदेशात किती कॉलेजं निघाली, झूलॉजीच्या किती बॅचेस बाहेर पडल्या हिशोब करा. एकाही पोराला कुणी दुर्बीण देऊन "जा, बघून ये" म्हटलं असतं तर?

तर इंटर्नशिप कुठे? डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, कोइमतूरजवळचं सालिम अली केंद्र, बंगळुरूच्या एनसीबीएसचा वन्यजीवशास्त्राचा एमएस्सी कोर्स, आणि आपली बीएनएचएस. जाहिराती बघत राहा, प्रवेश परीक्षांची तयारी करा. संशोधकाला थेट मेल करायला लाजू नका. माधव गाडगीळांनी पोरवयात, शेपटीची पिसं गळालेला वेडा राघू बघून सालिम अलींना पत्र टाकलं होतं. त्याला उत्तर आलं होतं.

आणि जाताना एक प्रश्न विचाराच: "स्टायपेंड किती?" मागच्या वर्षी एका प्रकल्पाची जाहिरात बघितली, सहा महिने काम, राहणं-खाणं-प्रवास स्वतःचा, वर 'प्रमाणपत्र दिले जाईल'. आमच्या तालुक्यातल्या एका हुशार मुलीनं ती वाचली आणि फोन बाजूला ठेवला. अशा जाहिरातींखाली जाऊन हा प्रश्न आपण सगळ्यांनी लिहायला पाहिजे. प्राध्यापक मंडळींनीही.

तिला सध्या मी एवढंच सांगितलंय की गावच्या विहिरीवरच्या बाभळीवर सुगरणींची घरटी आहेत, जून-जुलैत नवीन विणायला लागतील. वही घे, घरट्यांना नंबर दे, तारीख-वेळ टाक. बापाला विचारून दुपारचे दोन तास मागून घेतलेत तिनं.