खाजगीपणाचा हक्क : बाबासाहेबांची दुर्लक्षित भूमिका

"खाजगीपणा ही फ्लॅटवाल्यांची चैन. वस्तीत कसलं आलंय खाजगी?" पनवेल परिसरात काम करताना हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो. इतिहास नेमके उलटे सांगतो.

जातिव्यवस्थेने अस्पृश्याला खाजगी असे काही ठेवूच दिले नाही. काय खातो, कुठले पाणी भरतो, लग्न कुणाशी करतो, सगळ्यावर गावाची नजर. १९१७ साली बडोद्यात नोकरीसाठी गेलेले बाबासाहेब पारशी नाव नोंदवून पारशी धर्मशाळेत राहिले. जात उघड होताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. आज भाड्याने घर देताना आधी आडनाव विचारले जाते, ती याच चौकशीची पुढची पायरी.

म्हणूनच १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना मनमानी झडतीपासून संरक्षण मागितले. ३ डिसेंबर १९४८ रोजी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत अशीच दुरुस्ती मांडली. ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण ती कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट, असे सांगत बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. मतदानाच्या वेळी गोंधळ झाला, निर्णय पुढे ढकलला गेला आणि ६ डिसेंबरला दुरुस्ती फेटाळली गेली.

त्याची किंमत देशाने मोजली. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा हक्क संविधानात नसल्याकडे बोट दाखवले. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मधल्या काळात, १९९० मध्ये, महाराष्ट्रातल्याच मर्डीकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, समाज जिला 'चारित्र्यहीन' म्हणतो त्या स्त्रीलाही खाजगीपणाचा हक्क आहे. तिच्या घरात कुणीही मनाला येईल तेव्हा घुसू शकत नाही.

आता नजर गावाच्या पारावरून मोबाईलवर आली आहे. अत्याचाराची बातमी आली की पीडितेचा फोटो, गाव, नातेवाईक सगळे ग्रुपवर फिरते. हेतू न्यायाचा असतो, हे मान्य. पण लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि एकदा फिरलेला फोटो परत घेता येत नाही. निषेध करायला आरोपीचे कृत्य आणि पोलिसांची दिरंगाई पुरेशी आहे.

ज्यांच्या चुलीपर्यंत गावाने डोकावले, त्यांच्या लेकरांनी दुसऱ्याच्या दारात परवानगी विचारूनच पाऊल टाकावे. मोबाईलमध्येही.

जय भीम!